संगणक बदलताना परवान्याचे काय?



बेणे-खताचे सोडून साहेब संगणकावर का लिहितात, असे काहींना वाटेल. गेल्या महिन्यात भाईंदरजवळच्या तारोडीला बहिणीकडे गेलो होतो. दाजींनी दुकानातला जुना संगणक भंगारात घालून नवा आणला. पण हिशेबाचा प्रोग्राम नव्यावर चालेना. परवाना जुन्या यंत्राच्या नावावरच राहिला होता. चार दिवस हिशेब अडला.

आपल्याकडेही सोसायटीत, दूध डेअरीत, मुलांच्या अभ्यासाला संगणक आले आहेत. त्यातच ‘विंडोज १०’ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, म्हणून बरेच जण यंत्र बदलत आहेत. तेव्हा एक गोष्ट समजून घ्यावी. आपण प्रोग्राम विकत घेत नाही, तो वापरण्याचा परवाना घेतो. हा परवाना दोन प्रकारचा असतो.

पहिला विहिरीसारखा. नव्या संगणकाबरोबर आलेले विंडोज त्या यंत्रालाच बांधलेले असते. विहीर उचलून दुसऱ्या शेतात नेता येत नाही, तसेच हे. मेमरी वाढवली, डिस्क बदलली तर हरकत नाही. पण सुधारणा म्हणून मदरबोर्ड बदलला, तर ते यंत्र नवे धरले जाते.

दुसरा बैलजोडीसारखा. विंडोजचा वेगळा विकत घेतलेला परवाना नव्या यंत्रावर नेता येतो. मात्र जुन्यावरून तो काढावा लागतो. एकच जोडी एका वेळी दोन शेतांत कशी चालेल? ‘टॅली’चा परवानाही जुन्या संगणकावर ‘सरेंडर’ करून नव्यावर चालू करता येतो. हे काम जुने यंत्र विकण्याआधी करावे.

जुना संगणक ‘विंडोज ११’च्या अटींत बसत असेल, तर १० वरून ११ वर जायला वेगळे पैसे पडत नाहीत. बसत नसेल, तर ‘उबंटू’ फुकट मिळते.

कुणी “पाचशेत सगळे टाकून देतो” म्हणाला, तर भुलू नये. चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब खाली गुन्हा आहे. त्याला ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे.

सबब, खरेदीची पावती व परवान्याचा क्रमांक सातबाऱ्याइतकाच जपून ठेवावा, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी