मुशैरिबचं पाणी, आखाताचा समुद्र

शुक्रवारचा चहा हातात असेल, तर पाच मिनिटं माझ्यासाठी काढा. आज गप्पा समुद्राच्या आहेत, पण सुरुवात दोह्याच्या मधोमध, मुशैरिबपासून करू या.

मुशैरिबला आपण सगळेच उतरतो. मेट्रोच्या तिन्ही लाइन तिथे भेटतात, त्यामुळे गाडी बदलायला ते सोयीचं. पण या नावाचा अर्थ कधी विचारलात? मुशैरिब म्हणजे पाणी पिण्याची जागा. आज आपल्या नळाला येणारं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं आहे, खारेपण काढून गोड केलेलं. म्हणजे ज्या समुद्राकडे आपण कॉर्निशवर फोटोपुरते पाहतो, तोच आपण रोज पितो. मग त्याची तब्येत कशी आहे, हे विचारायला हवं.

मी पेशाने आयटीतला माणूस, समुद्राचा अभ्यासक नाही. म्हणून माझ्या भाषेत सांगतो. एखादा सर्व्हर कायम ९५ टक्के लोडवर चालत असेल, तर तो चालतो, पण आणखी थोडा भार पडला की कोसळतो. आखाताचा समुद्र हा तसा सर्व्हर आहे. त्याची सरासरी खोली अवघी ३५ मीटर. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी ३५ अंशांपर्यंत तापतं आणि हिवाळ्यात चांगलंच गार होतं. पाऊस नावापुरता, नद्यांचं पाणी थोडं आणि बाष्पीभवन प्रचंड. मोकळ्या महासागरात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, इथे ४० च्या वर. बाहेरच्या समुद्राशी गाठ फक्त होर्मुझच्या चिंचोळ्या वाटेने.

तरीही इथे भरपूर जीव आहेत. गेल्या जानेवारीत आम्ही अल खोरच्या पुढे, अल थखीराला गेलो होतो. (खोर म्हणजे खाडीच, बरं का.) ओहोटी होती. आम्ही चपला हातात घेऊन चिखलात शिरलो. माझी चौथीतली मुलगी म्हणाली, "बाबा, या काड्या कुणी रोवल्यात?" खाली पाहिलं तर चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो मुळं वर आलेली, आणि आम्ही त्यांच्यावरच उभे! शेजारी आई होती. तिचं माहेर अलिबागकडचं. ती म्हणाली, "अरे, ही तर आपली तिवर. बाहेर या आधी, मुळं मोडतील."

आईचं बरोबर होतं. ठाण्याच्या खाडीत जी तिवर आहे, तीच जात इथे आहे. कतारमध्ये नैसर्गिकरीत्या वाढणारं कांदळवनाचं हे एकच झाड. चिखलात प्राणवायू नसतो म्हणून त्याची मुळं वर येऊन श्वास घेतात. नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकलं जातं. पान चाटून पाहा, खारट लागेल. इथल्या मिठामुळे आणि हवामानामुळे झाड फारसं उंच होत नाही, पण काम तेच करतं. त्याच्या मुळांच्या आडोशाला कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्लं वाढतात. आणि हिवाळ्यात ठाण्यासारखेच इथेही रोहित पक्षी उतरतात.

कांदळवनाच्या पुढे उथळ पाण्यात समुद्री गवताची कुरणं आहेत. त्यावर डुगाँग, म्हणजे समुद्रगाय चरते. ऑस्ट्रेलियानंतर जगात सगळ्यात जास्त समुद्रगायी याच आखातात आहेत. १९८६ च्या हिवाळ्यात कतार आणि बहरीनच्या मधल्या पाण्यात ६०० हून अधिक समुद्रगायींचा एकच कळप दिसला होता. हा प्राणी गवतावरच जगतो. कुरण गेलं की तोही गेला.

तिसरा अधिवास प्रवाळांचा. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याला अन्न पुरवतं. पाणी फार तापलं की हे शैवाल बाहेर फेकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. इतर बहुतेक समुद्रांत ३०-३१ अंशांच्या आसपास ही वेळ येते, इथलं प्रवाळ ३४ अंशांपर्यंत तग धरतं. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ या समुद्राकडे डोळे लावून आहेत. इतर उष्ण समुद्रांचा उद्याचा उन्हाळा इथे आजच आहे. पण इथेही मर्यादा आहेच. २०१७ च्या उन्हाळ्यात पाणी आणखी तापलं आणि आखाताच्या दक्षिण भागातलं सुमारे दोन तृतीयांश प्रवाळ मेलं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीही प्रवाळ आहे. त्याला तर इतक्या उष्णतेची सवयच नाही.

आता परत नळाकडे येऊ. समुद्राचं पाणी गोड करताना मागे जास्त खारं पाणी उरतं. जगाची सरासरी पाहिली, तर १ लिटर गोड पाण्यामागे साधारण दीड लिटर. ते परत समुद्रात जातं, आणि उष्णतेवर चालणाऱ्या प्रकल्पांतून कोमटही असतं. खरं सांगायचं तर अख्ख्या आखाताच्या बाष्पीभवनापुढे हा वाटा लहान आहे. पण जिथे ते सोडलं जातं, तिथल्या गवताला आणि प्रवाळाला हा शेवटचा पाच टक्के भार असतो. पाण्याशिवाय आपण राहू शकत नाही, हेही खरं. म्हणून प्रश्न फक्त वाया जाणाऱ्या पाण्याचा आहे.

करायचं काय? गाडी धुताना पाइप नको, बादली पुरे. थखीराला कायाकिंग जरूर करा, पण भरती पाहून जा आणि मुळांवर पाय देऊ नका. फुवैरितचा किनारा एप्रिलपासून उन्हाळ्यात बंद असतो, त्यावर कुरकुर नको. तेव्हा तिथे चंचुकासवं अंडी घालतात. अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्याच माद्या. वेळासची माणसं कासवांची घरटी जपतात, हे आपण अभिमानाने सांगतो. इथे आपल्याला फक्त लांब राहायचं आहे. आणि सुरमई? १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर इथे तिची जाळ्याने मासेमारी बंद असते. आपल्याकडे पावसाळ्यात कोळी बांधव होड्या किनाऱ्याला ओढतात, नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात. थांबायचं का, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

परवा माझी मुलगी दात घासताना नळ बंद करून म्हणाली, "बाबा, समुद्रगायीचं पाणी." शास्त्र म्हणून वाक्य थोडं कच्चं आहे, पण मी दुरुस्त केलं नाही.

तुम्हीही पुढच्या वेळी मुशैरिबला उतराल, तेव्हा नावाचा अर्थ मुलांना सांगा. भेटू पुढच्या शुक्रवारी. नमस्कार!