कीर्ती सातासमुद्रापार, मोबदला कोठे?

अमेरिकेतील डेट्रॉइटचा कवी-गायक सिक्स्तो रॉड्रिग्ज ८ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी निवर्तला. मेक्सिकन स्थलांतरितांच्या कामगार कुटुंबात जन्मलेल्या या कलावंताच्या वाट्याला उपेक्षा आणि कीर्ती एकाच काळात आल्या. परंतु कित्येक वर्षे त्यांची परस्परांशी गाठच पडली नाही.

लोकगीताचा साधेपणा आणि रॉक संगीताची धार यांचा मेळ घालून त्याने शहरातील दारिद्र्य, व्यसने आणि सत्तेचा दंभ यांवर गीते रचली. ‘कोल्ड फॅक्ट’ (१९७०) आणि ‘कमिंग फ्रॉम रिअ‍ॅलिटी’ (१९७१) या त्याच्या दोन्ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेत जवळजवळ विकल्याच गेल्या नाहीत. कंपनीने करार संपविला. रॉड्रिग्जने जुनी घरे पाडण्याची व दुरुस्तीची अंगमेहनत पत्करली आणि १९८१ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवीही मिळविली.

तिकडे दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीला विटलेल्या गोऱ्या तरुणांच्या ओठी त्याचीच गीते होती. सरकारी नभोवाणीला वर्ज्य वाटलेली गाणीही ध्वनिफितींच्या नकलांवरून घरोघरी पोहोचली. गायकाने रंगमंचावरच आत्महत्या केली, अशी वदंता पसरली. प्रत्यक्षात तो डेट्रॉइटमध्ये मजुरी करीत होता! अखेर चाहत्यांनी शोध लावला आणि १९९८ मध्ये तेथील भरगच्च सभागृहांनी त्याचे स्वागत केले. त्याच्यावरील २०१२ च्या माहितीपटास पुढील वर्षी ऑस्कर मिळाले.

हा माहितीपट हृद्य खराच. परंतु १९७९ व १९८१ मध्ये रॉड्रिग्जने केलेले ऑस्ट्रेलियाचे यशस्वी दौरे त्यात गाळले आहेत. विस्मृतीतून पुनर्जन्म झाल्याची कथा ऐकावयास गोड लागते. तथापि त्या गोडव्यात मूळ प्रश्न बुडता कामा नये. दक्षिण आफ्रिकेत त्याच्या ध्वनिमुद्रिका लाखोंनी खपल्या असताना त्याचे मानधन त्याच्यापर्यंत का पोहोचले नाही?

रॉड्रिग्जने कटुता बाळगली नाही. उशिरा आलेला पैसाही त्याने बव्हंशी आप्तेष्टांत वाटला आणि जुन्याच घरात राहणे पसंत केले. त्याच्या या निःस्पृहतेचे कौतुक अवश्य करावे. मात्र कलावंताची अल्पसंतुष्टता हा त्याचा वैयक्तिक गुण होय. त्याचा हक्क बुडविणाऱ्या व्यवस्थेला ती सबब म्हणून वापरता येणार नाही. गीतावर प्रेम करणाऱ्या समाजाने गीतकाराच्या हिशेबाचीही चौकशी करावयास हवी. टाळ्यांनी त्याची चूल पेटत नाही.