डोक्यावरचा सिमेंटचा पत्रा

आमच्या वस्त्यांवरच्या सिमेंटच्या पत्र्यात बहुतेकदा अ‍ॅस्बेस्टॉस असतो. पत्रा शाबूत असेपर्यंत धोका कमी. तो फुटला, भोक पाडले, की डोळ्यांना न दिसणारे तंतू थेट फुफ्फुसात जातात. कॅन्सर उमटतो २०-४० वर्षांनी. तोवर मुकादमही सापडत नाही!

१९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, कामगाराचे आरोग्य हा कलम २१ मधील जगण्याचा हक्क आहे. बाबासाहेबांच्या संविधानाचा हा आधार कारखान्याच्या दारातच अडला. वस्ती पाडताना घणाने पत्रे फोडणारा नाका कामगार कोणाच्या हजेरीपटावर आहे? पुनर्वसनाच्या फायली हलवणाऱ्या साहेबांनी पत्रे ओले करून अखंड उतरवण्याचा खर्च आधी मंजूर करावा, अशी आमची मागणी आहे.