आरशाबाहेर राहिलेला सेक्टर

एकाच माहितीच्या दोन तंतोतंत प्रती दोन डिस्कवर ठेवण्याच्या पद्धतीला रेड-१ किंवा मिररिंग म्हणतात. ‘रेड’ ही संज्ञा १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या शोधनिबंधाने रूढ केली. लिनक्समध्ये हे काम वेगळ्या कार्डाविना, कर्नेलमधील एमडी हा भाग करतो. एक डिस्क निकामी झाली तरी चालू सर्व्हर दुसरीच्या बळावर सहसा न अडखळता चालत राहतो. पेच पडतो तो पुढच्या रीस्टार्टला, जेव्हा सारी माहिती शाबूत असूनही यंत्राला ऑपरेटिंग सिस्टिमच सापडत नाही.

याचे कारण असे की एमडी सहसा संपूर्ण डिस्कची नव्हे, तर तिच्या पार्टिशनची प्रत ठेवतो. जुन्या बायॉस पद्धतीत फर्मवेअर डिस्कचा ५१२ बाइटचा पहिला सेक्टर वाचते. त्यात बूट कोडच्या वाट्याला ४४६ बाइट येतात आणि उरलेल्या जागेत पार्टिशनचा तक्ता व ओळखखूण असते. एवढ्याशा जागेत फाइल सिस्टिम वाचू शकणारा प्रोग्रॅम मावत नसल्यामुळे ग्रब हा बूटलोडर, म्हणजे कर्नेल मेमरीत आणणारा प्रोग्रॅम, आपला गाभा पहिल्या पार्टिशनपूर्वीच्या मोकळ्या पट्ट्यात ठेवतो. या दोन्ही जागा पार्टिशनबाहेर, अर्थात मिररबाहेर पडतात. म्हणून ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा दोन्ही डिस्कवर स्वतंत्रपणे द्यावी लागते. मिररची स्थिती सांगणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये दोन्ही डिस्क ठणठणीत असल्याची ‘यूयू’ ही खूण दिसत असली, तरी बूटलोडरविषयी ती काहीच सांगत नाही, आणि नेमकी इथेच भल्याभल्यांची फसगत होते.

यूईएफआय या नव्या फर्मवेअरमध्ये बूटलोडर एका फॅट पार्टिशनमध्ये साध्या फाइलच्या रूपात असतो, परंतु फर्मवेअरला एमडीची भाषा कळत नाही. एमडीची नोंद पार्टिशनच्या शेवटी ठेवणारी १.० ही मांडणी निवडल्यास फर्मवेअरला ते पार्टिशन नेहमीसारखेच भासते. मात्र फर्मवेअरने त्यात परस्पर काही लिहिले तर दोन प्रतींत फरक पडतो. त्यापेक्षा प्रत्येक डिस्कवर वेगळे पार्टिशन ठेवून फाइलींची नक्कल करणे आणि फर्मवेअरच्या बूट यादीत दोन्हींची नोंद करणे अधिक सरळ होय. अशी पार्टिशने एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरुवातीला जोडावयाच्या पार्टिशनच्या यादीत, लिहिताना ‘नोफेल’ हा पर्याय विसरला, तर सिस्टिमडी हरवलेल्या डिस्कची सामान्यतः ९० सेकंद वाट पाहते आणि मग आपत्कालीन शेलमध्ये येऊन थांबते.

बदली डिस्क बसवल्यावर आधी तिच्यावर पार्टिशनचा तक्ता उतरवावा लागतो, मग एमडीएडीएम या साधनाने तिची पार्टिशने मिररमध्ये जोडली की माहिती आपोआप भरली जाते. बूटलोडर मात्र हातानेच बसवावा लागतो. तो खरोखर बसला की नाही हे एकेक डिस्क काढून यंत्र सुरू केल्यावरच कळते. या चाचणीत काढलेली डिस्क परत लावताच तिच्यावरील प्रत शिळी ठरलेली असते. ती पुन्हा जोडून मिरर पूर्ण जुळण्यापूर्वी दुसरी डिस्क काढली, तर धड प्रत यंत्राबाहेर जाते आणि अर्धवट प्रत आत राहते.