औषधप्रचार आणि कुटुंबवैद्य

औषधप्रचार आणि कुटुंबवैद्य : आपल्या औषधांची विक्री वाढावी म्हणून औषधकंपन्या वैद्यकव्यवसायींपर्यंत जी माहिती, नमुने, भेटवस्तू व सवलती पोहोचवितात, त्यांस सामान्यतः ‘औषधप्रचार’ म्हणतात. इतर मालाची जाहिरात ग्राहकाला उद्देशून असते. औषधाची निवड मात्र वैद्यकव्यवसायी करतो, किंमत रुग्ण देतो आणि परिणामही त्यालाच भोगावे लागतात. शिवाय चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांची लोकांत जाहिरात करण्यावर भारतात कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. त्यामुळे प्रचाराचा भर चिठ्ठी लिहिणाऱ्यावर, विशेषतः रोज नानाविध विकारांचे रुग्ण तपासणाऱ्या कुटुंबवैद्यावर पडतो.

साधने : वैद्यकीय प्रतिनिधी हे प्रचाराचे मुख्य साधन होय. त्यांच्या सेवाशर्ती १९७६ च्या केंद्रीय अधिनियमाने निश्चित केल्या होत्या. ठराविक दिवसांनी भेट, चित्रमय पत्रके, विनामूल्य नमुने, औषधाचे नाव छापलेल्या किरकोळ वस्तू, परिषदांचा प्रवासखर्च व भोजन असे प्रचाराचे अनेक प्रकार आहेत. प्रतिनिधी किरकोळ औषधविक्रेत्याकडील चिठ्ठ्यांवरून कोणता वैद्यकव्यवसायी काय लिहितो, याचा अंदाज घेतो व त्यानुसार कोणाला किती वेळा भेटावयाचे ते ठरते.

प्रभावाची कारणे : भारतात एकच औषध अनेक कंपन्या वेगवेगळ्या व्यापारी नावांनी विकतात. घटक एकच असल्याने स्पर्धा गुणांची न राहता नाव लक्षात राहण्याची होते. वारंवारच्या भेटींमुळे एक नाव जिभेवर बसते आणि गर्दीच्या वेळी तेच चिठ्ठीवर उतरते. भेट स्वीकारली, की परतफेडीची जाणीव नकळत निर्माण होते. आपल्यावर परिणाम झालेला नाही असे मात्र प्रत्येकास प्रामाणिकपणे वाटत असते. नव्या औषधांची स्वतंत्र माहिती मिळविण्यास वेळ व ग्रंथालय नसेल, तर प्रतिनिधी हाच शिक्षक ठरतो.

या विषयावरील ५८ अभ्यासांचे समालोचन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रचाराच्या संपर्कामुळे औषधयोजना अधिक वारंवार, अधिक खर्चिक किंवा कमी दर्जाची होते, असे त्यांतील अनेक अभ्यासांत आढळले. काहींत संबंध दिसला नाही. ती सुधारते असे मात्र क्वचितच दिसले. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कंपनीने दिलेल्या एका साध्या भोजनाचाही त्या कंपनीचे औषध अधिक लिहिले जाण्याशी संबंध आढळला. अशा अभ्यासांवरून संबंध कळतो. कार्यकारणभाव त्यांतून निर्विवादपणे सिद्ध होत नाही.

महाराष्ट्रातील स्थिती : नोभोजित रॉय, नेहा माढीवाला व संजय पै यांनी मुंबईतील प्रचारपद्धतींचा गुणात्मक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. अपुरी माहिती, प्रलोभने आणि कंपनी, विक्रेता व वैद्यकव्यवसायी यांच्यातील नफ्याची वाटणी त्यातून पुढे आली. काही वेळा वैद्यकव्यवसायी स्वतःच प्रलोभनांची मागणी करतात, असेही त्यात नमूद आहे. म्हणजे दोष एकाच पक्षाकडे नाही.

ग्रामीण भागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. राज्यशासनाच्या १९९२ च्या अधिसूचनेने आयुर्वेदाच्या नोंदणीकृत पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा मिळाली व खेड्यांतील कुटुंबवैद्यांत त्यांचे प्रमाण मोठे आहे. त्यांचे नियमन स्वतंत्र परिषदेकडे असल्याने आधुनिक वैद्यकाच्या परिषदेची आचारसंहिता त्यांना लागू होत नाही. कंपन्यांचा प्रचार मात्र दोघांपर्यंत सारखाच पोहोचतो.

गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगड (ता. अर्जुनी मोरगाव) हे किल्ला व महाशिवरात्रीची यात्रा यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव वनव्याप्त, धानपिकाच्या प्रदेशात आहे. अशा प्रदेशातील रुग्णापुढे दोन मार्ग असतात. शासकीय आरोग्य केंद्रातील औषधे मूळ नावाने व घाऊक खरेदीने येतात. तेथे व्यापारी नावाच्या प्रचाराला फारसा वाव नसतो, पण साठा संपण्याची अडचण असते. खाजगी दवाखान्यात औषध तत्काळ मिळते. परंतु महाग नाव, अनावश्यक शक्तिवर्धक किंवा तापाच्या प्रत्येक रुग्णास प्रतिजैविक लिहिले गेल्यास त्याचा भार रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून आलेल्या कुटुंबावर पडतो. प्रतिजैविकांच्या अतिवापराने जंतूंत येणारा प्रतिरोध ही हानी तर सर्व समाजाची असते [→ प्रतिजैविके].

नियमन : हाथी समितीने १९७५ मध्ये ११७ अत्यावश्यक औषधांची यादी देऊन व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली; ती पूर्णतः अंमलात आली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्ये औषधप्रचाराचे नैतिक निकष प्रसिद्ध केले. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ च्या विनियमांत २००९ मध्ये दुरुस्ती करून कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास व रोख रक्कम स्वीकारण्यास मनाई केली. २०१६ मध्ये औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहिण्याचा नियम केला. अशा भेटींवरील खर्चाला कंपन्यांना प्राप्तिकरात वजावट मिळणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. कंपन्यांसाठी २०१५ मध्ये ऐच्छिक संहिता आली व मार्च २०२४ मध्ये तिची जागा नव्या एकरूप संहितेने घेतली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये मूळ नावाची सक्ती करणारे विनियम काढले. पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले.

उपाय व मर्यादा : चिठ्ठीवर केवळ मूळ नाव लिहिल्याने प्रश्न संपत नाही. त्या स्थितीत कोणत्या कंपनीचे औषध द्यावयाचे ते विक्रेता ठरवितो आणि प्रलोभनाचा रोख त्याच्याकडे वळतो. स्वस्त औषधांच्या गुणवत्तेविषयी शंका असेपर्यंत वैद्यकव्यवसायीही परिचित नाव सोडण्यास तयार होत नाही. म्हणून मूळ नावाच्या सक्तीबरोबरच गुणवत्तेची कडक तपासणी, कंपन्यांनी केलेल्या खर्चाची जाहीर नोंद, सर्व पद्धतींच्या व्यावसायिकांना समान आचारसंहिता आणि कुटुंबवैद्यांना कंपनीनिरपेक्ष औषधमाहिती मराठीतून मिळण्याची सोय, या गोष्टी एकत्रितपणे व्हाव्या लागतात.