मध्ययुगीन युद्धक्रीडेतील ढालीची निवड

मध्ययुगीन युद्धक्रीडा म्हणजे युरोपातील मध्ययुगीन शस्त्रे व चिलखते यांच्या प्रतिकृती वापरून ठरावीक नियमांनुसार खेळली जाणारी प्रत्यक्ष झुंज होय. या क्रीडेत ढाल हे संरक्षणाचे एक प्रमुख साधन आहे. ढाल जितकी मोठी तितकी सुरक्षितता अधिक, असा नवशिक्या खेळाडूंचा समज असतो. प्रत्यक्षात ढालीचे आकारमान, आकार आणि वजन या तिन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात. त्यांची निवड मुख्यतः दोन बाबींवरून ठरते : नियमांनुसार शरीराचा कोणता भाग झाकणे आवश्यक आहे आणि खेळाडूचा हात किती भार किती वेळ पेलू शकतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

नॉर्वेतील गोकस्टाड येथे १८८० साली उत्खननात सापडलेल्या व्हायकिंग जहाजावर ६४ गोल ढाली होत्या. त्यांचा व्यास सुमारे ९४ सेंमी होता. अकराव्या शतकातील बायो येथील भरतकामाच्या पटावर १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईचे चित्रण आहे. त्यातील नॉर्मन स्वारांच्या हाती वर गोलसर व खाली निमुळत्या होत गेलेल्या लांब ढाली दिसतात. हे निमुळते टोक स्वाराच्या पायाचे रक्षण करीत असे. पुढे पायांचे चिलखत सुधारत गेले, तशी या टोकाची गरज कमी झाली. तेराव्या शतकात इस्त्रीच्या तळासारखी आखूड त्रिकोणी ढाल रूढ झाली. तिला आज ‘हीटर’ म्हणतात. पायी झुंजीसाठी मुठीत धरावयाची ‘बकलर’ ही लहान गोल ढालही प्रचारात होती. इ. स. १३०० च्या सुमाराच्या एका सचित्र जर्मन हस्तलिखितात तलवार व बकलर यांचे डावपेच दिलेले आहेत. हे हस्तलिखित इंग्लंडमधील रॉयल आर्मरीज या संग्रहालयात आहे.

नियमांचा प्रभाव

क्रीडाप्रकार बदलला की ढालीचे कामही बदलते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बर्कली येथे १९६६ साली सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ या संस्थेच्या चिलखती झुंजीत जाड वेताच्या तलवारी वापरतात. तेथे गुडघ्याखालील भागावर वार करण्यास मनाई आहे. त्यामुळे नडगी झाकणारी ढाल विशेष लाभ देत नाही. खांद्यापासून मांडीपर्यंतचा भाग झाकला म्हणजे पुरते. मांडीवर वार बसल्यास खेळाडू गुडघ्यांवर बसून लढतो. अशा वेळी तीच ढाल जवळजवळ संपूर्ण शरीर झाकते. मात्र अतिलांब ढालीचे टोक जमिनीस अडते.

‘बुहुर्ट’ या प्रकारात धार काढून टाकलेली पोलादी शस्त्रे असतात आणि गटलढतीत प्रतिस्पर्ध्यास जमिनीवर पाडणे हे उद्दिष्ट असते. तेथे ढाल धडक देण्यासाठी व ढकलण्यासाठीही वापरली जाते. म्हणून क्षेत्रफळापेक्षा मजबुती आणि हाताशी असलेली घट्ट पकड यांना अधिक महत्त्व येते.

आकारमान आणि वजन

गोल ढालीचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे समान जाडी ठेवल्यास वजनही त्याच प्रमाणात वाढते. प्लायवूडचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो धरल्यास १२ मिमी जाडीच्या व ६० सेंमी व्यासाच्या ढालीचे वजन सुमारे २.२ किलो भरते. व्यास ९० सेंमी केला की ते सुमारे ५ किलो होते. म्हणजे व्यास दीडपट झाला असता वजन सव्वादोन पट होते. कडेचे आवरण, पट्टे व मूठ यांचे वजन निराळे. धातूची ढाल हलकीच असते असेही नाही : ३ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमची ६० सेंमी व्यासाची ढाल प्लायवूडच्या वरील ढालीइतकीच भरते.

जड ढालीचा खरा तोटा सामन्याच्या उत्तरार्धात जाणवतो. खांदा थकला की ढाल नकळत खाली येते आणि मस्तक उघडे पडते. सतत ताणामुळे खांदा व कोपर दुखावण्याचाही संभव असतो. याउलट फार पातळ ढाल लवकर फुटते. प्राचीन ढालींच्या फळ्या बऱ्याचदा एक सेंमीपेक्षा पातळ असत. परंतु क्रीडेतील ढालीला दीर्घकाळ सराव सोसावयाचा असल्याने ती बहुधा अधिक भक्कम करतात.

आकार आणि पकड

मध्यभागी मूठ असलेली ढाल मनगटाने झटपट फिरवता येते व शरीरापासून दूर धरता येते. दूर धरलेली लहान ढालही प्रतिस्पर्ध्याच्या वाराचा मोठा कोन अडवते. बकलरचे तंत्र यावरच आधारलेले आहे. मात्र कडेवर जोराचा वार बसल्यास अशी ढाल मुठीभोवती गरकन फिरते. महाराष्ट्रातील मर्दानी खेळांत वापरली जाणारी लहान गोल ढालही मुठीतच धरली जाते.

पट्ट्यांनी अग्रबाहूला बांधलेली ढाल अधिक स्थिर असते आणि तिचा भार संपूर्ण हातावर विभागला जातो. पण तिचा पल्ला कमी असतो. हीटर व लांब निमुळत्या ढाली बहुधा अशा बांधतात. ढालीचा गुरुत्वमध्य कोपरापासून जितका दूर, तितकी ती जड भासते. म्हणून पट्ट्यांची जागा चुकल्यास हलकी ढालही हाताला शिणवते.

निवडीची पद्धत

प्रथम जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून पाहणे सोयीचे ठरते. शिरस्त्राण घालून बचावाच्या पवित्र्यात उभे राहिल्यावर वरच्या कडेवरून समोरचे दिसले पाहिजे, तलवारीचा हात मोकळा फिरला पाहिजे आणि पाऊल टाकताना खालची कड गुडघ्यावर आदळता कामा नये. नमुना पसंत पडल्यावर अपेक्षित वजनाची ढाल सामन्याइतका वेळ धरून पाहावी. तेवढ्या वेळात ती खाली येऊ लागल्यास आकारमान किंवा जाडी कमी करणे इष्ट होय. वेताच्या तलवारींच्या प्रकारात कडेस रबरी नळीसारखे मऊ आवरण लावतात, कारण उघड्या कडेमुळे तलवार तुटते व सहखेळाडूस इजा होऊ शकते.

एकट्या झुंजीसाठी लहान व चपळ, तर रांगेत उभे राहून लढण्यासाठी शेजाऱ्यालाही आडोसा देणारी मोठी ढाल अधिक उपयुक्त असते. त्यामुळे दोन्ही प्रकार खेळणारे काही खेळाडू दोन वेगवेगळ्या ढाली बाळगतात.