Explained : बाळाला सोडून देणं गुन्हा, मग समितीकडे सोपवणं? जाणून घ्या कायदा

बसस्थानकावर, मंदिराबाहेर बाळ सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. अशा वेळी आई-वडिलांवर कोणती कारवाई होते?

शिक्षा काय?
१२ वर्षांखालील मुलाला कायमचं टाकून देण्याच्या हेतूनं कुठेही सोडणाऱ्या पालकांना भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ नुसार ७ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पूर्वी हेच कलम भादंवि ३१७ होतं. मुलाचा मृत्यू झाल्यास खून किंवा सदोष मनुष्यवधाचा खटलाही चालू शकतो.

बाळाचं काय होतं?
आरोपीचा खटला न्यायालयात चालतो. बाळाला मात्र प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. त्याच्या संगोपनाचा निर्णय समितीच घेते.

कायदेशीर मार्ग कोणता?
सांभाळणं खरोखरच अशक्य असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३५ नुसार पालक मूल समितीकडे सोपवू शकतात. समिती चौकशी व समुपदेशन करते. निर्णय बदलायला २ महिने मिळतात. हतबलतेतून मूल सोडणाऱ्या जन्मदात्यांना कलम ७५ मध्येही सूट आहे.

थोडक्यात, बाळ रस्त्यावर सोडण्याआधी १०९८ वर एक फोन करा.